टॉवेल गुंडाळलेली ढोलकी

सुलभानं कढई मागितली आणि मी माळ्यावरून इडलीचं भांडं खाली दिलं. ते तिनं मुकाट परत वर दिलं. मग मी लग्नात आलेलं, कधीच न वापरलेलं पितळी घमेलं दिलं. "अहो, कढई! काळी, दोन कानांची. जन्मापासून बघताय तुम्ही ती," स्टूल धरून माझी बायको खालून म्हणाली. माझं शाहूपुरीत चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी गिऱ्हाइकांना 'आता स्पष्ट दिसतंय का?' असं विचारत असतो. घरी आल्यावर हाच प्रश्न बायको मला विचारते, एवढाच फरक. धूळ नाकात गेली, शिंक आली आणि जे तिला जेवताना हळूच सांगायचं ठरवलं होतं ते त्या शिंकेच्या भरात मी वरूनच बोलून गेलो. "कढई कशाला पण? यंदा कॅरल नाही आपल्याकडं. सकाळीच बेन्याला फोन केलाय मी. म्हटलं, आई गेलीय, यंदा आमचं घर सोडून पुढं जावा."

स्टुलाला हिसका बसला, म्हणजे तिनं हात काढून घेतला होता. "तुम्ही सांगितलं?" ती म्हणाली. "आईंच्या घरात कॅरल नको म्हणून? आणि ते तुम्ही?" मग ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि मी इडलीच्या भांड्याशेजारी माळ्याला धरून उभा राहिलो. माझं वजन पाहता आधाराशिवाय उतरणं धोक्याचं होतं. त्यामुळं विचार करायला बराच वेळ मिळाला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिसेंबरात आमच्या देवळातली मंडळी पेटी, ढोलकी, झांजा घेऊन तिन्हीसांजेपासून घरोघर जातात. प्रत्येक घरात जन्माचं एक गाणं, एक प्रार्थना आणि मग चहा, चिवडा, करंज्या. ह्याला आम्ही कॅरल म्हणतो. आमचे पणजोबा कधीतरी ख्रिस्ती झाले. देव बदलला, नावं बदलली, पण सुतक काही सुटलं नाही. ते बाडबिस्तऱ्याबरोबर आमच्यासोबतच आलं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर कढई चढत नाही, दारावर चांदणी लागत नाही. गोडधोड पाहुण्यांनी बाहेरून आणून द्यायचं. आणि कॅरलपार्टीनं ते घर सोडून जायचं. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पाळकसाहेबांनी कधी सांगितलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. आई पावसाळ्यात गेली आणि डिसेंबर लागताच माझा हात आपोआप फोनकडं गेला. हे दुसऱ्या कुणाच्या घरात शोभलं असतं. आमच्या घरात का शोभलं नाही, ते सांगण्यासाठी मला फार मागं, मी सातवीत असतानाच्या डिसेंबरापर्यंत जावं लागेल.

तेव्हा आम्ही कोल्हापुरातच, पण जुन्या घरात राहायचो. दोन खोल्या, पुढं कट्टा, मागं चुलीचं छप्पर. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गवळी म्हशी आणून बांधायचा आणि लोक तांबे घेऊन धारोष्ण दूध प्यायला उभे राहायचे. म्हशींच्या गळ्यातल्या घंटा, दुधाची तांब्यात पडणारी धार आणि गवळ्याच्या शिव्या, हे आमच्या घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेचं पार्श्वसंगीत होतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते. काळ्या मातीचे साचे करायचे, त्यात लोखंडाचा रस ओतायचा. अंगाला सदैव जळक्या मातीचा वास, हातावर ठिणग्यांचे डाग. पण त्या हातांत ढोलकी आली की माणूस बदलायचा. त्यांचा कान इतका तयार होता की शेजारच्या गल्लीत लग्नाचा ताशा उतरलेला असला तरी त्यांचा घास अडायचा. "उतरलाय," म्हणायचे, "शेकायला सांगा की कुणीतरी." आईला मात्र सुराचा पत्ता नव्हता. भाकरी थापताना ती देवळातली गाणी गुणगुणायची आणि प्रत्येक गाणं एकाच चालीत म्हणायची, ती चालही तिची स्वतःचीच. अण्णा चुलीपाशी बसून कपाळाला हात लावायचे. "रूथे, त्या गाण्यानं तुझं काय वाईट केलंय?" आई थापत राहायची. "देवाला चालतंय. तुमाला चालत न्हाई तर बाहेर बसा."

अण्णांचा कान माझ्या थोरल्या भावाकडं गेला आणि आईचा माझ्याकडं आला. देवळात मला एकदा झांज वाजवायला दिली होती, ती पुढच्या रविवारी गोड बोलून परत घेतली. भावाचं नाव शमुवेल. लग्नानंतर कितीतरी वर्षं आईला मूल नव्हतं. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, हन्नेनं जसं देवळात रडून मूल मागून घेतलं आणि त्याचं नाव शमुवेल ठेवलं, तसं आईनं मागून घेतलं आणि तसंच नाव ठेवलं. मी त्याच्यानंतर न मागता आलो, असं आत्या सगळ्यांदेखत सांगायची. शमू उंच, सडसडीत, हसला की एका गालावर खळी. शाळा सोडून तो कबनूरला आत्याकडं राहायला गेला आणि तिथं यंत्रमागावर लागला. शनिवारी संध्याकाळी बसनं यायचा तेव्हा त्याच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे आणि तो मोठ्यानं बोलायचा, कारण दिवसभर मागांच्या खडखडाटात तसंच बोलावं लागायचं. आला की पहिल्यांदा खुंटीवरची ढोलकी काढायचा. अण्णांनी त्याला ती शिकवली होती. डिसेंबरात कॅरलपार्टी त्याच्याशिवाय निघत नसे. घराघरांत बायका म्हणायच्या, शमू हाय ना, मग आणखी एक म्हणा.

त्या पावसाळ्यात त्याला कबनूरला कावीळ झाली. आत्या घाबरली नाही. कावीळ काय, घरोघर होते. तिनं ओळखीच्या एका माणसाकडचा झाडपाला आणून त्याला पाजला, तेल-तिखट बंद केलं, आणि तो बरा होतोय असं आम्हाला सांगत राहिली, कारण तिला तसंच वाटत होतं. त्याला कोल्हापूरला दवाखान्यात आणला तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि तो आईला ओळखत नव्हता. पुढचं मी लिहीत नाही. लिहायला बसलो होतो, दोनदा फाडलं. एवढंच सांगतो की माती द्यायला आम्ही गेलो तेव्हा पाऊस उघडला होता आणि अण्णांनी फावडं दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही. आयुष्यभर साच्यात माती दाबून बसवणारा माणूस. त्या दिवशीही त्यांनी ती तशीच, हातानं सारखी करून बसवली.

त्यानंतर आमच्या घरात आवाज उरला नाही. अण्णा कामावर जायचे, यायचे, जेवायचे. लागेल तेवढंच बोलायचे. पाळकसाहेब भेटायला आले आणि हन्नेचंच उदाहरण देऊन बसले, की तिनंही आपलं लेकरू देवाला दिलं. अण्णांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिनं जिता दिला, साहेब. देवळात दिला. मी मातीत दिलाय." त्या रविवारपासून ते देवळात आले नाहीत. ढोलकी त्यांनी येसुदासमामांना देऊन टाकली. हे मामा आमचे कुणी नव्हेत, कॅरलपार्टीचे म्होरके, सगळ्या देवळाचे मामा. "घेऊन जावा. डोळ्यांपुढं नको," एवढंच अण्णा म्हणाले. भिंतीवर खुंटी राहिली. संध्याकाळी आई दिवा लावून प्रार्थनेला बसली की अण्णा उठून कट्ट्यावर जायचे. मी आईसमोर बसायचो, पण मनानं कट्ट्यावर असायचो. आमच्या घरी रीत होती की प्रार्थनेत ज्यानं त्यानं त्या दिवसाबद्दल देवाचे उपकार मानायचे. पहिले काही आठवडे आई नुसती बसायची. ओठही हलायचे नाहीत. मग एके दिवशी ती म्हणाली, "बापा, दिला व्हतास त्याबद्दल उपकार." बस, एवढंच. कट्ट्यावर अण्णांचं खोकणं थांबलेलं मला ऐकू आलं.

आणि मग, दिवाळीच्या आसपास असेल, मी शाळेतून आलो तर मागच्या छपरात आई भाकरी थापत गुणगुणत होती. तीच चाल, तोच बेसूर. मला इतका राग आला की मी दप्तर आपटलं. मला वाटलं, ही विसरली. आज माझ्या वयाला कळतं की तिच्या डोळ्यांतून पाणी पिठात पडत होतं आणि ती गुणगुणतही होती. मी फक्त कानानं ऐकलं, आणि माझ्या कानाची गुणवत्ता मी वर सांगितलीच आहे.

डिसेंबर आला. आई अण्णांना म्हणाली, "चांदणी बांधताय न्हवं?" दरवर्षी अण्णा कामट्यांची मोठी चांदणी करायचे, तिला पतंगाचा कागद लावायचे, आत दिवा सोडायचे. अण्णांनी मान हलवली; नाही. चोवीस तारखेला सकाळी मात्र तिनं माळ्यावरून कढई काढली. काळी, दोन कानांची. सुकं खोबरं किसलं, खसखस भाजली, वेलदोडा कुटला. त्या वासानं घर इतकं भरलं की मला रडू यायला लागलं. शमू ते सारण चोरून खायचा आणि नाव माझ्यावर ढकलायचा. दुपारी आईनं पाऱ्या लाटल्या आणि माझ्या हातात कातणं दिलं. ते चाक करंजीच्या कडेवरून फिरवून जास्तीचं पीठ कापायचं, हे दरवर्षी शमूचं काम. मी कापलेल्या करंज्या तेलात पडल्या की तोंडं उघडायच्या आणि सारण कढईत सांडायचं. आई झाऱ्यानं जळकं खोबरं काढत राहिली. एरवी मला दोन धपाटे बसले असते.

त्याच वेळी आत्या आली. कबनूरच्या बसनं, हातात मिठाईचा पुडा. दुःखाच्या घरी गोड घेऊन येण्याचा पहिला मान तिचा. तिनं उंबऱ्यातूनच वास घेतला आणि पुडा हातातच राहिला.

"कढई चढीवलीस?" आत्या म्हणाली. "वैनी, अगं, वरीस न्हाई झालं लेकराला!"

"या, वन्सं. बसा."

"बसू कुठं? तळणात बसू? गल्लीला वास जातोय! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, रूथाच्या घरी नाताळ हाय."

"नाताळ हाय!" आत्याचा आवाज चढला. "तुझं पोट न्हाई जळत?"

आई झारा तसाच धरून उभी राहिली. "जळतंय की," ती म्हणाली. "रोज जळतंय. पण आनंद काय आपल्या घरात समदं बरं हाय म्हणून करायचा असतोय व्हय, वन्सं? मग त्या गोठ्यात कुणी केलाच नसता. मरियेला तरी काय कमी भोगायला लागलं? तिचं बी लेकरूच की त्ये."

"मला शास्तर सांगू नगंस!" आत्या म्हणाली आणि मग एकदम तिचा सूर फाटला. "तो माझ्या घरात पडला! माझ्या हातचा पाला प्याला! आन उद्या कबनूरला लोक म्हणतील, आत्या करंज्या खाऊन आली."

"तुमच्यावर कुणी बोट दाखवलंय का?"

"न्हाई दाखवलं. म्हणूनच तर..." पुडा चुलीपाशी ठेवून ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला. अण्णा पुढच्या खोलीत कोपऱ्यात बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. शमूच्या पत्र्याच्या पेटीकडं बघत होते.

तिन्हीसांजा झाल्या. गवळी म्हशी घेऊन गेला. पंचगंगेकडून गारठा यायला लागला. आईनं पातळ बदललं, दारात चांदणी नाही म्हणून कंदील टांगला, चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि करंज्यांची परात पुढच्या खोलीत आणून त्यावर स्वच्छ फडकं झाकलं. मग ती दारात जाऊन उभी राहिली. लांबून, शेजारच्या गल्लीतून, ढोलकी ऐकू यायला लागली. आमचीच ढोलकी. आता ती बेन्या वाजवायचा, म्हणजे बेंजामिन, शमूचा शाळासोबती. एका घरी गाणं संपायचं, मग चालता चालता थाप, मग दुसरं घर. आवाज जवळ आला. वळणावर गॅसबत्तीचा उजेड दिसला. आईनं परातीवरचं फडकं काढलं.

आणि वळणावरच आवाज थांबला.

पेटी थांबली, झांजा थांबल्या. बोलणंही थांबलं. नुसत्या चपला ऐकू येऊ लागल्या. येसुदासमामांनी गॅसबत्ती आमच्या बाजूनं अंगाआड धरली होती, म्हणजे उजेडही आमच्या दारावर पडू नये. सगळे खाली माना घालून, समोरच्या घरांना घासून चालले होते. मधे बेन्या. ढोलकी चुकून घुमू नये म्हणून त्यानं तिला टॉवेल गुंडाळला होता आणि तान्ह्या पोरासारखी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. त्यांच्या परीनं तो मान होता. आज सांगतो, इतक्या काळजीनं मला कुणी कधी दुखावलेलं नाही. आमच्या शमूची ढोलकी आमच्याच दारावरून तोंड बांधून चालली होती.

आई हलली नाही. मंडळी पुढं गेली, दोन घरं सोडून थांबली. टॉवेल निघाला असावा, थाप पडली आणि गाणं सुरू झालं. तेव्हा आई उंबरा ओलांडून रस्त्यावर गेली. अनवाणी. माझी आई गल्लीत कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती.

"येसुदासमामा!"

गाणं तुटलं.

"माझं घर चुकवून येशू कुणीकडं जन्माला घालाय निघालाय?"

मामा गॅसबत्ती घेऊन परत आले. मोठा धिप्पाड माणूस, पण पोरासारखा चाचरला. "अक्का, तसं न्हवं. तुमच्यात दुःख हाय. म्हटलं, तुमाला तरास नगं."

"दुःख हाय म्हणूनच या म्हणतीया. ज्यांच्यात न्हाई त्यांच्यात उद्या गेलासा तरी चालंल." मग आवाज खाली आला. "मामा, सकाळपास्नं तळतीया मी. नगा जाऊ."

आले. पुढच्या खोलीत मावेनात. अण्णा कोपऱ्यातून उठले नाहीत, आमच्या रीतीनं कुणाला सलाम म्हणाले नाहीत, पण बाहेरही गेले नाहीत. बेन्या नेमका रिकाम्या खुंटीखाली बसला. मामांनी पेटीचा सूर धरला, गाणं सुरू झालं आणि बेन्याचा हात काही पडेना. एक थाप पडली ती चोरटी, दुसरी त्याहून चोरटी. गारठ्यानं चामडं ढिलं झालेलं, आवाज पार बसलेला. गाणारेही एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. एकटी आई तेवढी गात होती, तिच्या त्या एका चालीत, मोठ्यानं. त्या खोलीतलं ते गाणं म्हणजे काय होतं हे मी सांगू शकत नाही. बेसुराला बेसूर म्हणण्याची मला सोय नाही, पण ते फार वाईट होतं आणि कुणीही थांबत नव्हतं.

"उतरलीया."

अण्णा बोलले होते. मामांची पेटी थांबली.

"उतरलीया ती," अण्णा पुन्हा म्हणाले. "अशी वाजीवतात व्हय, बेन्या? आण हिकडं."

ढोलकी हातोहात त्यांच्याकडं गेली. त्यांनी ती मांडीवर घेतली. बराच वेळ नुसता हात ठेवला. मग दोरीतल्या कड्या एकेक करून सरकवल्या, दोऱ्या ताणल्या, बोटानं टिचकी मारून कान लावला. उठून मागं चुलीपाशी गेले. आई लगबगीनं त्यांच्या मागं गेली आणि आधण उतरवून चूल मोकळी करून दिली. ज्या चुलीवर सकाळपासून कढई होती त्याच चुलीच्या आचेवर अण्णांनी ढोलकी फिरवून फिरवून शेकली. शेजारी आत्या पदराआडून बघत होती. आणखी एक टिचकी. ह्या वेळी ती टणकन बोलली, शमू वाजवायचा तशी. अण्णा पुढच्या खोलीत आले, बेन्याच्या हातात ढोलकी दिली. "वाजीव आता," म्हणाले. "अंग चोरू नगंस. तो चोरत नव्हता."

बेन्यानं वाजवली. रडत वाजवली, पण अंग चोरलं नाही. अण्णा परत कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मातीच्या दिवशीही ते रडले नव्हते. गाणं संपलं, मामांनी प्रार्थना केली, शमूचं नाव घेऊन केली. मग आईनं परात उचलली. पण आधी ती मागं गेली, आत्याच्या समोर उकिडवी बसली आणि एक करंजी मोडून अर्धी तिच्या तोंडासमोर धरली. दुःखातल्या माणसाचं तोंड पाहुण्यानं गोड करायचं, ही रीत. ज्या आईचं पोर गेलं तिनं आत्याचं तोंड गोड केलं. आत्यानं ते घेतलं, आणि तोंडात करंजी असतानाच जो हंबरडा फोडला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. नंतर डोळे पुसून तीच परात घेऊन बाहेर आली आणि दरडावून वाढायला लागली. "घ्या की रं. लाजताय काय? फुटक्या हाईत त्या धाकट्यानं केल्याल्या, त्या बी खावा."

मंडळी गेल्यावर आई कढईपाशी बसून खूप वेळ रडली. मला काही कळेना. पुढं कॉलेजात गेल्यावर, म्हणजे शहाणपणाचा ऐन बहर असताना, मी तिला विचारलं, "त्या दिवशी तुला आनंद झाला होता ना?" "झालता की." "मग रडलीस का?" "रडायला आलं म्हणून रडले. त्यात इचारायचं काय?" मग ताटात भाकरी टाकत म्हणाली, "येशू काय समदं नीट झाल्यावर आलता व्हय घरात? तसाच आला की, पसाऱ्यात."

सगळं नीट काही झालं नाही. शमू परत यायचा नव्हताच. अण्णा देवळात यायला पुढचा उन्हाळा उजाडला, आणि आले तरी मागच्या बाकावर. आत्या मरेपर्यंत कावीळ हा शब्द ऐकला की उठून जायची. पण त्या दिवसानंतर कॅरल आमच्या घरावरून कधी मुकी गेली नाही. अण्णा गेले त्या वर्षीसुद्धा नाही. आईनं तेव्हाही कढई काढली होती. शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती, तरी डिसेंबरात सुलभाला उशाशी बसवून सारणात वेलदोडा किती घालायचा ते सांगायची, आणि गुणगुणायची. चाल तीच. ती खुशीत असायची असं मी म्हणणार नाही. दुखणं फार होतं. पण तिच्या खोलीत गेलं की आपण काहीतरी घेऊन बाहेर यायचो, देऊन नव्हे.

आणि अशा बाईचा मुलगा स्टुलावर उभा राहून तिच्याच वर्षात तिचं घर वगळून घेत होता. खिशात फोन होता. मी माळ्याला धरूनच बेन्याला लावला. आता तोच कॅरलपार्टीचा म्होरक्या. डोकं पांढरं, गुडघे गेलेले.

"बेन्या, सकाळी बोललो ते सोड. या."

तो म्हणाला, "येणारच होतो, लेका. तुला इचारतंय कोण? सकाळी तुझा फोन आल्यावर मी बायकोला म्हटलं, पक्याला म्हातारपण लागलं." आणि पुढं म्हणाला, "मी एकदा तो टॉवेल गुंडाळलाय, पक्या. परत न्हाई."

ठरल्या संध्याकाळी ते आले. आईच्या फोटोखाली बसून गायले. ढोलकी बेन्याच्या नातवानं वाजवली. खरं सांगायचं तर मला तिच्यात काही खोट दिसली नाही, पण बेन्यानं मधेच थांबवून कड्या ओढायला लावल्या. मी करंज्यांना कातणं फिरवलं होतं, त्यातल्या बऱ्याच फुटल्या. मला गाता येत नाही, तरी गायलो. नेहमीपेक्षा वाईटच गायलो असेन. चाल कुठली लागली ते सुलभाच्या चेहऱ्यावरून कळलं. तिनं पदर डोळ्यांना लावला.

मंडळी पुढच्या घरी गेली. गल्लीतून गाणं लांब लांब जाईपर्यंत आम्ही दारात उभे होतो. मग सुलभा आत आली, कढईतलं तेल गाळून घेतलं, राखेनं कढई घासली, पुसली आणि माझ्या हातात दिली.

"मी गेले त्या वर्षी फोनला हात लावायचा नाही," सुलभा म्हणाली. "आणि चढा आता स्टुलावर. ही माळ्यावर कुठं असते ते आजच नीट बघून ठेवा."